स्कोअर 96 टक्के, पण फोन भलतेच: गूगल ॲड्सच्या शिफारशींचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मला तो नीट समजला आहे का, हे त्यातून तुम्हालाही कळेल. नाशिकमध्ये तुमचं टेरेस आणि बाथरूम वॉटरप्रूफिंगचं काम आहे. रोजचं बजेट 700 रुपये. गूगलतर्फे एका प्रतिनिधीचा फोन आला, तुमच्या गूगल ॲड्स खात्याचा ऑप्टिमायझेशन स्कोअर फक्त 61 आहे म्हणाले आणि स्क्रीन शेअर करून तासाभरात बरेच बदल करवून घेतले. सगळे कीवर्ड ब्रॉड मॅचवर गेले (म्हणजे कीवर्डशी सैल संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसू लागली), बिडिंग, म्हणजे क्लिकसाठी बोली लावायची पद्धत, 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स'वर गेलं, स्कोअर 96 झाला. पुढच्या महिन्यात कन्व्हर्जन (जाहिरातीवरून येऊन कोणी ठरलेली कृती केली, अशी खात्यातली नोंद) 19 वरून 130 वर गेली. पण जागा बघायला या म्हणणारे फोन मात्र आधीच्या निम्म्यावर आले. बाकीचे फोन केमिकलचा डबा कितीला, डीलरशिप मिळेल का, हेल्पर हवाय का, असे. आता तुम्ही विचारताय की ब्रॉड मॅच काढून टाकू का, आणि प्रतिनिधी पुन्हा फोन करतील तेव्हा त्यांना काय सांगू.

ब्रॉड मॅचवरून आमच्या पीपीसीवाल्यांत, म्हणजे क्लिकमागे पैसे मोजायच्या जाहिराती चालवणाऱ्यांत, कायमचे दोन तट आहेत. एकाच्या मते ती पैसे खाते, दुसऱ्याच्या मते तिला न वापरणारा मागे राहतो. मी कुठल्याच तटात नाही, कारण तुमच्यासारख्या खात्यात भांडण ब्रॉड मॅचचं नसतंच. तुमच्याच आकड्यात उत्तर आहे. कन्व्हर्जन सातपट झाली आणि कामाचे फोन निम्मे झाले, याचा अर्थ ज्याला तुमचं खातं कन्व्हर्जन म्हणतंय ते तुमचं गिऱ्हाईक नाही. स्क्रीनशॉटमध्ये तीन गोष्टी कन्व्हर्जन म्हणून मोजलेल्या दिसतात: फोनच्या बटणावरचा क्लिक, व्हॉट्सॲपच्या बटणावरचा क्लिक, आणि 'संपर्क' पान उघडणं. तिन्ही 'प्रायमरी' आहेत, म्हणजे बिडिंग त्यांच्याच मागे धावतं.

'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स' म्हणजे दिलेल्या बजेटमध्ये जास्तीत जास्त कन्व्हर्जन आणून दे, असा यंत्राला हुकूम. यंत्र तो शब्दशः पाळतं. संपर्काचं पान उघडणारा माणूस आणि दोन हजार चौरस फुटांच्या गच्चीचं काम देणारा माणूस, दोघांची त्याच्या लेखी किंमत एकच. मग जिथे पान उघडणारे स्वस्तात मिळतात तिकडे पैसा जातो. तुमच्याच धंद्यात बघा: मजुरांना गळती थांबली की नाही यावर पैसे न देता सिमेंटची किती पोती संपली यावर दिले, तर पोती भराभर संपतील. यंत्र लबाडी करत नाही, तुम्ही पोती मोजताय.

ब्रॉड मॅचने या चुकीच्या मोजणीला मोकळं रान दिलं, एवढाच तिचा दोष. आधी फ्रेझ मॅच (ज्या शोधात कीवर्डचा अर्थ येतो त्यावरच जाहिरात) होती तेव्हा मोजणी अशीच होती, पण जाहिरात दिसायची ती बऱ्यापैकी नेमक्या शोधांवर, म्हणून नुकसान झाकलं जायचं.

आता स्कोअरबद्दल. ऑप्टिमायझेशन स्कोअर आणि क्वालिटी स्कोअर यांत अनेकांची गल्लत होते. क्वालिटी स्कोअर कीवर्डचा असतो, 1 ते 10 मध्ये. अपेक्षित क्लिकचं प्रमाण, जाहिरात शोधाला किती धरून आहे आणि क्लिकनंतरचं पान कसं आहे, या तीन गोष्टींवरून तो ठरतो. त्याकडे लक्ष ठेवावं. ऑप्टिमायझेशन स्कोअर हा मात्र गूगलच्या शिफारशींचा तुम्ही किती निकाल लावलात याचा आकडा आहे. निकाल म्हणजे स्वीकारणंच नव्हे; शिफारस वाचून नाकारली तरी स्कोअर वाढतो. कोणालाही पटत नाही, म्हणून करून बघा: एखादी शिफारस 'डिसमिस' करा आणि आकडा बघा. या आकड्याने ना क्लिक स्वस्त होतो ना जाहिरात वर जाते. तो महत्त्वाचा आहे एजन्सींना, कारण गूगल पार्टनरचा बिल्ला मिळवायला किमान 70 टक्के लागतात. म्हणून तुमच्या एजन्सीवाल्या मित्राने 'स्कोअर महत्त्वाचा असतो' असं सांगितलं, ते त्याच्या जागी खरंच आहे.

शिफारशी सगळ्या टाकाऊ असतात असं मात्र नाही. तुटलेली लिंक, नाकारली गेलेली जाहिरात, तुमच्याच कीवर्डना अडवणारे निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते), कन्व्हर्जन टॅग (कन्व्हर्जन मोजणारा वेबसाइटवरचा कोड) बंद पडलाय, अशा शिफारशी मी बिनदिक्कत घेतो. बजेट वाढवा, ब्रॉड मॅच करा, सर्चच्या कॅम्पेनला डिस्प्ले (इतर वेबसाइटवर दिसणाऱ्या जाहिराती) जोडा, या तीन जातींच्या शिफारशींवर थांबून विचार करतो. त्यांचा परिणाम खर्चावर लगेच दिसतो आणि धंद्यावर दिसायला महिना-दोन महिने लागतात.

मग ब्रॉड मॅच ठेवायची का? परिस्थितीवर अवलंबून आहे. नेमकं कशावर, ते सांगतो. आधी थोडा मागचा इतिहास, कारण तुमच्या मनात 'एक्झॅक्ट मॅच म्हणजे तेच शब्द' हे जुनं चित्र आहे असं प्रश्नावरून वाटलं. ते चित्र कधीच मोडलं. 2014 मध्ये एकवचन-अनेकवचन आणि चुकीच्या स्पेलिंगचे शोधही जुळवून घेणं सगळ्यांना सक्तीचं झालं, 2017 मध्ये शब्दांचा क्रम सैल झाला, 2018 पासून 'तोच अर्थ' असलेले शोधही एक्झॅक्टमध्ये येऊ लागले. 2021 मध्ये अधिकचं चिन्ह लावून वापरायची ती ब्रॉड मॅच मॉडिफायर गेली आणि तिचं वागणं फ्रेझमध्ये मिसळलं. म्हणजे आज तीनही प्रकार अर्थावर चालतात, फरक सैलपणाच्या प्रमाणाचा आहे. त्यामुळे 'एक्झॅक्टवर गेलो की सुटलो' असंही होणार नाही.

ब्रॉड मॅच चालते ती दोन गोष्टी असतील तर. मोजणी खरी असावी, आणि ती पुरेशा संख्येने असावी. पुण्यात एखादी फर्म रोज पंधरा हजार खर्च करते, आलेल्या प्रत्येक चौकशीचं पुढे काय झालं ते गूगलला परत कळवते, तिथे ब्रॉड मॅच असे शोध पकडते जे तुम्ही-मी कधी लिहून काढले नसते: 'पावसात हॉलच्या भिंतीला बुरशी', 'वरच्या फ्लॅटमधून पाणी येतंय सोसायटी ऐकत नाही'. ही खरी गिऱ्हाईकं, आणि यांच्या शोधात वॉटरप्रूफिंग हा शब्दच नाही. तुमच्याकडे महिन्याला खऱ्या चौकशा पंधरा-वीस. एवढ्यावर यंत्राला काही शिकता येत नाही. पंधरा माणसांत योगायोग जास्त आणि नमुना कमी. तिसाच्या वर खऱ्या चौकशा महिन्याला यायला लागल्या की मी एका वेगळ्या कॅम्पेनमध्ये, वेगळ्या बजेटवर ब्रॉड मॅच करून बघतो. तोवर फ्रेझ आणि एक्झॅक्ट.

तेव्हा पहिलं काम मोजणीचं. 'संपर्क' पान उघडणं आणि दोन्ही बटणांचे क्लिक 'सेकंडरी' करा. ते अहवालात दिसत राहतील, पण बिडिंग त्यांच्या मागे धावणार नाही. 'प्रायमरी' ठेवा दोनच गोष्टी: फॉर्म भरून पाठवणं, आणि जाहिरातीवरून आलेला असा कॉल जो ठराविक वेळेपेक्षा जास्त चालला. ही वेळ तुम्ही बदलली नाही तर 60 सेकंद असते. तुमच्या कामाला मी ती 90 ठेवीन, कारण 'डबा कितीला?' हे संभाषण मिनिटाच्या आत संपतं. ज्याच्या घरात पाणी ठिबकतंय तो माणूस दीड मिनिटात कुठली खोली इथवरही पोचलेला नसतो.

फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवा: अंदाजे किती चौरस फूट, आणि गळती कुठे. फॉर्म भरणारे कमी होतील, होऊ देत. नुसतं नाव-नंबर विचारणाऱ्या फॉर्ममध्ये काय भरलं जातं ते तुम्ही रोज बघताच आहात.

व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे बरीच खरी गिऱ्हाईकं गळतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात असं तुम्ही लिहिलंय, आणि बटणाचा क्लिक सेकंडरी केला की ती मोजणीतून सुटतात. त्याला उपाय आहे, थोडा किचकट. जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला एक ओळख क्रमांक असतो, तो पानाच्या पत्त्याला चिकटून येतो. वेबसाइट करणाऱ्याला सांगून तो क्रमांक व्हॉट्सॲपच्या तयार संदेशात शेवटी छोट्या संकेताच्या रूपात घालून घ्या. ज्याच्याकडे तुम्ही प्रत्यक्ष साइट बघायला गेलात, त्याचा संकेत आणि तारीख एका शीटमध्ये लिहा आणि आठवड्याला एकदा ती शीट खात्यात चढवा. क्लिकपासून 90 दिवसांच्या आतलं चालतं. वॉटरप्रूफिंगमध्ये कोटेशन ते होकार यात सोसायटीची मीटिंग असते, त्यामुळे 'काम मिळालं' याची वाट बघू नका. 'साइट व्हिजिट झाली' हाच टप्पा कळवा. तो लवकर येतो आणि तिथे फालतू माणूस पोचत नाही. एवढं जमत नसेल तर निदान साधी वही ठेवा: तारीख, फोन, काय हवं होतं, कुठल्या भागातून. खातं 130 म्हणतंय आणि वही 9 म्हणतेय, हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरं काम सर्च टर्म्सचं, आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. कीवर्ड म्हणजे तुम्ही मागितलेलं. सर्च टर्म म्हणजे लोकांनी खरंच टाइप केलेलं, ज्यावर तुमचे पैसे गेले. सप्टेंबर 2020 पासून गूगल फार थोड्या लोकांनी केलेले शोध या अहवालात दाखवत नाही, त्यामुळे खर्चाचा एक तुकडा अंधारात राहतो. दिसतो तेवढाही पुष्कळ आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत वर वर नजर टाकली तरी चार टोळ्या दिसतात: माल घेणारे (केमिकल, लिटर, डबा, डीलर), नोकरी आणि कोर्सवाले, घरच्या घरी करणारे (कसे करावे, घरगुती उपाय), आणि ज्यांना वॉटरप्रूफ काहीतरी हवंय (जॅकेट, मोबाईल कव्हर, ताडपत्री). या चौघांचे शब्द निगेटिव्हच्या एका सामाईक यादीत टाका आणि ती यादी सगळ्या कॅम्पेनला जोडा.

निगेटिव्ह टाकताना लक्षात ठेवायचं ते असं की ते साध्या कीवर्डसारखे अर्थाने पसरत नाहीत. 'नोकरी' अडवलंत म्हणून 'जॉब' अडत नाही, 'जॉब' अडवलंत म्हणून 'व्हेकन्सी' अडत नाही. आपल्याकडे तर एकच गोष्ट मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीतही शोधली जाते. 'घरगुती उपाय' देवनागरीत अडवून रोमन विसरलात तर अर्धं दार उघडंच. प्रत्येक शब्दाची चारही रूपं टाका, कंटाळवाणं आहे पण तासाभराचं काम आहे.

आणि घाईघाईत एक शब्द अडवू नका: 'रेट'. 'किंमत', 'खर्च', 'दर प्रति चौरस फूट' हे अनेकजण पहिल्या फटक्यात निगेटिव्हमध्ये टाकतात, कारण दर विचारणारा कंजूष वाटतो. माझा अनुभव उलटा आहे. 'टेरेस वॉटरप्रूफिंग रेट पर स्क्वेअर फूट नाशिक' असं शोधणारा माणूस बहुधा चेअरमन किंवा घरमालक असतो, त्याला तीन कोटेशनं घ्यायची असतात. 'केमिकल प्राइस 20 लिटर' वाला वेगळा. म्हणून अडवायचा तो 'लिटर', 'रेट' नव्हे. 'घरगुती' बद्दलही मी जरा साशंक असतो: पावसाळ्यात स्वतः करून बघणारा माणूस पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक होतो. पण 700 रुपयांत तेवढी दानत परवडत नाही, तेव्हा सध्या अडवा.

फालतू माणूस जाहिरातीतच गाळता येतो, तेही फुकट. पैसे क्लिकचे जातात, दिसण्याचे नाही. शीर्षकात किंवा वर्णनात स्पष्ट लिहा: 'फक्त कामाचे कंत्राट, माल विक्री नाही', 'किमान काम 300 चौ. फूट'. क्लिकचं प्रमाण थोडं पडेल, खातं लगेच 'जाहिरात सुधारा' म्हणेल. म्हणू देत.

ठिकाणाचं सेटिंग उघडून बघा. न बदललेलं असेल तर जाहिरात नाशिकमध्ये असणाऱ्यांना आणि नाशिकमध्ये 'रस दाखवणाऱ्यांना' अशी दोघांना दिसते. सर्वसाधारण सल्ला असतो की फक्त 'तिथे असणारे' ठेवा. तुमच्या बाबतीत मी तो अर्धाच मानेन. नाशिकमध्ये फ्लॅट घेऊन ठेवलेले आणि राहायला मुंबई-ठाण्यात असलेले बरेच लोक आहेत, बंद घरात गळती झाल्याचं त्यांना शेजाऱ्याच्या फोनवरून कळतं आणि ते तिथूनच शोधतात. म्हणून मुख्य कॅम्पेन 'तिथे असणारे' वर ठेवा, आणि मुंबई-ठाण्यासाठी एक छोटं वेगळं कॅम्पेन काढा ज्यातल्या प्रत्येक कीवर्डमध्ये नाशिक आहे. त्याला रोज शंभर रुपये पुरतात. सर्च कॅम्पेनला डिस्प्ले नेटवर्कची खूण असेल तर ती मात्र काढाच.

बजेटबद्दलची तुमची तक्रार, की 700 ठरवूनही एका दिवशी 1,300 गेले: ही चूक नाही. ऑक्टोबर 2017 पासून गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं, महिन्याचा हिशोब रोजच्या 30.4 पटीच्या आत ठेवून. तुमची महिन्याची मर्यादा 21,280 रुपये. आणि पैसे आगाऊ भरत असाल तर 18 टक्के जीएसटी त्यातूनच जातो. 10,000 भरलेत तर जाहिरातीला साधारण 8,475 उरतात. खात्यात जीएसटी क्रमांक घातला नसेल तर आजच घाला, तुमच्या सीएंना त्याचं इनपुट क्रेडिट घेता येईल.

प्रतिनिधीचं म्हणाल तर त्यांच्याशी वैर धरायचं कारण नाही. फोन करणारे बरेचदा बाहेरच्या कंत्राटी कंपनीचे असतात, त्यांच्यापुढे तुमची वही नसते, स्कोअर असतो. बिल अडकलं, जाहिरात नाकारली, टॅग चालत नाही, अशा वेळी ते उपयोगी पडतात, मीही त्यांची मदत घेतो. फक्त त्यांचं आणि तुमचं हित एकच आहे असं धरून चालू नका. 2023 मध्ये अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या खटल्यात कंपनीच्या जाहिरात विभागाचे अधिकारी जेरी डिश्लर यांनी साक्षीत सांगितलं की लिलावात (कोणाची जाहिरात दिसेल आणि क्लिकला किती पडतील हे जिथे ठरतं) बदल करून काही वेळा जाहिरातींचे दर 5 टक्क्यांपर्यंत वाढवले गेले आणि जाहिरातदारांना ते सांगितलं गेलं नाही. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी सर्चमध्ये गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. यात कटकारस्थान शोधू नका. विकणाऱ्याने सुचवलेला भाव आणि माप आपण तपासून घेतो तेवढंच करायचं.

फोन आला की म्हणा: "सूचना ईमेलवर पाठवा, मी बघून कळवतो." स्क्रीन शेअर करून लगेच बदल करू नका. आणि फोन नसतानाही बदल होऊ शकतात, म्हणून 'रेकमेंडेशन्स' पानावरचं 'ऑटो-अप्लाय' उघडा. तिथे काही खुणा केलेल्या असतील तर काढा. मग 'चेंज हिस्ट्री'त त्या दिवसापासूनचे बदल वाचा, कोणी काय बदललं ते नावानिशी दिसतं. तुमच्या स्क्रीनशॉटवरून मला शंका आहे की ऑटो-अप्लाय त्या तासात चालू केलं गेलं, कारण नंतरच्या आठवड्यात काही नवे कीवर्ड वाढलेले दिसतात आणि ते तुम्ही टाकलेले नाहीत.

क्रम असा ठेवा. आज ऑटो-अप्लाय बंद, डिस्प्ले बंद, निगेटिव्हची यादी. या आठवड्यात मोजणी बदला आणि कीवर्ड फ्रेझ-एक्झॅक्टवर आणा. बिडिंग तात्पुरतं 'मॅक्सिमाइझ क्लिक्स'वर घ्या आणि एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती द्यायचे याला मर्यादा घाला. जुन्या खोट्या कन्व्हर्जनवर शिकलेल्या बिडिंगला तशाच ठेवण्यात अर्थ नाही. महिनाभर खऱ्या चौकशा जमल्या की पुन्हा कन्व्हर्जनच्या बिडिंगवर या. हे सगळं एका दिवशी करून दुसऱ्या दिवशी निकाल बघू नका. बिडिंगला बदलानंतर स्थिरावायला आठवडाभर तरी लागतो, आणि तुमचं गिऱ्हाईक तर त्याहून सावकाश हलतं.

पहिल्या दोन आठवड्यांत खात्यातले आकडे वाईट दिसतील. कन्व्हर्जन 130 वरून दहा-बारावर येतील, प्रत्येकीचा खर्च हजाराच्या पुढे जाईल, स्कोअर साठच्या घरात परत येईल आणि बहुतेक त्याच आठवड्यात प्रतिनिधींचा फोन येईल. तेव्हा वहीतल्या साइट व्हिजिट मोजा. त्या वाढल्या नसतील तर सर्च टर्म्सची नवी यादी इथे टाका, मग पान आणि जाहिरातीचा मजकूर बघू. आत्ता मार्च आहे हे बरं आहे. गच्चीची कामं घेणारे एप्रिल-मेमध्ये शोधतात, आणि पहिला पाऊस पडला की येतात ते घाबरलेले फोन, ज्यांना ओल्या स्लॅबवर काम होत नाही हेच आधी समजवावं लागतं. त्या फोनांसाठी जूनमध्ये वेगळी जाहिरात लागेल, आत्ताची चालणार नाही.